चूलबंद गुणधर्म

दहावीला मी गणितात दोनदा आपटले. पहिल्यांदा पेपर अवघड होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा सोपा येईल असं वाटून गाफील राहिले म्हणून. निदान लोकांना मी असं सांगायची. खरं म्हणजे गणिताच्या जागी देवानं माझ्या डोक्यात खोबरं भरलंय, आणि तेही खवट. रोह्याजवळच्या आमच्या गावात, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरात, कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "पोरगी गणितात उडाली," हे वडील पाव्हण्यांना इतक्या सहज सांगत की पाव्हण्यांना वाटे, गणित हे एखादं कुंपण असावं आणि मी त्याच्यावरून उडी मारली असावी. मग लग्न झालं आणि मी पेणला आले.

पेणला आले म्हणजे गणपतीच्या कारखान्यात आले. पुढच्या पडवीत मूर्ती, मागच्या खोल्यांत आम्ही. आम्ही म्हणजे सासू, नवरा, धाकटी नणंद आणि मी. घरात मूर्तींना जेवढी जागा होती तेवढी माणसांना नव्हती, पण मूर्ती भादव्यात निघून जात, माणसं राहत. मी पॉलिश पेपरने मूर्ती घासायची, पांढरा रंग मारायची. डोळ्यांची आखणी नवरा करायचा. माझ्या हातात ब्रश द्यायची कुणाची छाती नव्हती, कारण एकदा मी एका उंदराचे डोळे काढले होते आणि तो उंदीर शेवटपर्यंत विकला गेला नाही. गणपती गेला, उंदीर राहिला, असं घरात अजून म्हणतात.

पुढे आमच्या गल्लीत अंगणवाडी निघाली आणि मी तिथं मदतनीस म्हणून लागले. मदतनिसाने घरोघरी फिरून पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविका खुर्चीवर बसून गाणी म्हणायची. पोरं तिला "बाई" म्हणत आणि मला "ए मावशी". आता मी म्हणेन की मला मुलांच्या शिक्षणाची तळमळ होती, तर जीभ झडेल. मला ती खुर्ची हवी होती. आणि कुणीतरी, अगदी नाक गळणाऱ्या पोरानं का होईना, मला एकदा "बाई" म्हणायला हवं होतं.

एक दिवस कळलं की सेविकेच्या नवऱ्याची बदली झाली आहे आणि वर्षअखेर ती जाणार. तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "तू दहावी पास असशील तर मला बाहेरची माणसं शोधायला नकोत. नसशील तर माझा इलाज नाही." मी म्हटलं, "फक्त गणित राहिलंय हो." हे मी अशा सुरात म्हटलं की जसं काही फोडणी द्यायची तेवढी बाकी आहे. त्या म्हणाल्या, "मग ऑक्टोबरला बस. दाखला आण, जागा तुझी."

घरी सांगितलं तर नवरा "बस की" म्हणाला आणि पुन्हा आखणीला लागला. सासू म्हणाली, "मदतनीस काय वायट हाय गो? बस म्हणतेस, पण सीझनात बसणार कुठं?" तिचं चुकीचं नव्हतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अभ्यास पावसाळ्यात करावा लागतो, आणि पावसाळ्यात पेणमध्ये बसायला जागा फक्त गणपतीला असते.

मला शिकवायचं काम नणंदेनं अंगावर घेतलं. ती बारावी सायन्स झालेली, हुशार, आणि स्थळं बघणं चालू म्हणून घरात बसून वैतागलेली. माझ्याहून बरीच लहान, तरी नात्यानं मी तिला वन्सं म्हणायची आणि ती मला वैनी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढे सातवीचं पुस्तक टाकलं. मी म्हटलं, "वन्सं, दहावी." ती म्हणाली, "वैनी, पाया कच्चा हाय. तुझा पाया नुसता कच्चा नाय, तुला पायाच नाय."

तिची शिकवायची तऱ्हा अशी होती. पदावली द्यायची, "सरळरूप दे" म्हणायचं, आणि प्रत्येक ओळीसमोर लिहायला लावायचं की ही ओळ कुठल्या गुणधर्मानं आली. "कुठल्या अधिकारानं हा आकडा हितून उचललास? लिही." गुणधर्म तीन. क्रमनिरपेक्षता, साहचर्य आणि वितरण. क्रमनिरपेक्षता हा शब्द उच्चारून होईपर्यंत चुलीवरचा भात करपतो. पण आश्चर्य म्हणजे तोच मला आधी कळला, आणि त्याचं श्रेय माझ्या मामाला आहे.

मामा राहायचा अष्टमीला. रोहा आणि अष्टमी म्हणजे मध्ये नदी, वर पूल, दोन्हीकडे घरं. सगळं जग म्हणतं "रोहा-अष्टमी". मामाला याचा भयंकर राग. कुणी "रोहा-अष्टमी" म्हटलं की तो लगेच "अष्टमी-रोहा" म्हणून दुरुस्त करायचा. "पूल काय फक्त तिकडून सुरू होतो? आमचं नाव मागं का?" म्हणायचा. मी वन्संना सांगितलं, अ अधिक ब म्हणा नाहीतर ब अधिक अ, गावं तीच, माणसं तीच, भांडण तेवढं मामाचं. वन्संनी वहीवर बरोबरची खूण केली. आयुष्यात गणिताच्या वहीवर मिळालेली ती माझी पहिली खूण, म्हणून मी हवेत गेले आणि लगेच पुढची पायरी चढले. लिहून टाकलं की वजाबाकीही क्रमनिरपेक्ष असते.

"कशावरून?" वन्संनी विचारलं.

"पेण ते रोहा तिकीट जेवढं, रोहा ते पेण तेवढंच. मग बेरजेला चालतं तर वजाबाकीनं काय घोडं मारलंय?"

"तिकीट तेवढंच. पण माहेरी जाताना तू हसत जातेस आणि येताना तोंड पाडून येतेस. सातातनं चार गेले तर तीन, चारातनं सात गेले तर उणे तीन. आकडा तोच, तोंड उलटं."

मी वजाबाकी खोडली. कुणी आपल्याबद्दल इतकं खरं बोललं की गणित पटकन कळतं. तरी जाता जाता तिनं धमकी दिलीच की सगळ्याच गोष्टींचा क्रम बदलता येत असेल तर आधी पांढरा मार आणि मग पॉलिश पेपर घास, म्हणजे दादा तुझा क्रम बदलील.

खरी बोंब होती ती साहचर्याची. अ अधिक ब, कंस पूर्ण, अधिक क. यातला कंस सरकवला की साहचर्य. पण मला ते आणि क्रमनिरपेक्षता जुळ्या बहिणींसारखे दिसायचे. एक सांगितला की मी दुसरा लिहायची, आणि दोन्ही चुकले की तिसरा. वन्सं कपाळाला हात लावायच्या. शेवटी एका दुपारी त्यांना युक्ती सुचली, आणि तीही सासूच्या जिवावर.

आम्ही तिघी पडवीत ओळीनं बसून मूर्ती घासत होतो. एका टोकाला वन्सं, मध्ये सासू, दुसऱ्या टोकाला मी. सासू वन्संकडे वळून हळू आवाजात सांगत होती की तुझी वैनी पॉलिश पेपर वाया घालवते, जरा झिजला की नवा घेते. ते मला स्वच्छ ऐकू येत होतं, कारण सासूचा हळू आवाज म्हणजे लोकांचा मोठा. थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, बघ गो, हिच्या हाताला वेगच नाय, सासरी कसं व्हायचं हिचं. वन्सं घासता घासता थांबल्या.

"वैनी, आत्ता आई पहिल्यांदा कुणाच्या कंसात होती?"

"तुमच्या."

"आणि आता?"

"माझ्या."

"कोण उठलं का जागेवरनं?"

"नाय."

"हे साहचर्य. क्रम तोच, नुसता कंस सरकला. आता आपल्यातलं कुणी उठून जागा बदलली असती तर?"

"क्रमनिरपेक्षता."

"आणि बेरीज?"

मी म्हटलं, "बेरीज तीच. शिव्या दोघींना सारख्याच." सासूनं विचारलं, "काय चाललंय तुमचं?" वन्सं म्हणाल्या, "गणित." सासू म्हणाली, "माझं नाव ऐकू आलं." त्या दिवसापासून मला ते दोन गुणधर्म कधी चुकले नाहीत. कुठलीही पदावली समोर आली की मी आधी बघायची, कुणी उठलंय का. नसेल उठलं तर सासू कुणाकडे वळली आहे ते शोधायची.

राहिला वितरण. त्यात माझी चूक ठरलेली होती. तीन, कंसात अ अधिक चार. मी लिहायची, तीन अ अधिक चार. बाहेरच्या तिनाने आतल्या पहिल्याला गुणलं की माझं समाधान व्हायचं. चाराकडे मी ढुंकूनही बघत नसे. वन्सं सांगून सांगून दमल्या आणि मी ऐकून ऐकून.

अशातच पलीकडच्या घरी नातवाचं बारसं निघालं. आमंत्रणं एरवी सासू घ्यायची, पण ती बाजारात गेली होती आणि मी दारात गणित सोडवत बसले होते. त्या घरची मोठी बाई कुंकवाचा करंडा घेऊन आली, मला कुंकू लावलं आणि म्हणाली, "उद्या दुपारी चूलबंद हाय हां, सासूला सांग." मी मान हलवली. डोक्यात तीन अ अधिक चार.

आता माझ्या माहेरी घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं तर "घरसकट या" म्हणतात. नुसतं "जेवाया या" म्हटलं तर घरटी एक माणूस जातो. चूलबंद हा शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. मी माझ्या अकलेनं अर्थ लावला. त्यांनी बाहेरचा आचारी सांगितला असणार, म्हणून उद्या त्यांची चूल बंद. सासू आल्यावर मी सांगितलं, "पलीकडे उद्या बारशाचं जेवण हाय, तुम्हाला बोलवलंय." मधला शब्द मला निरुपयोगी वाटला म्हणून गाळला.

दुसऱ्या दिवशी सासू नवं लुगडं नेसून एकटी गेली. मी घरच्यांसाठी स्वयंपाक केला, आणि सासू नाही म्हटल्यावर जरा मोकळ्या हातानं केला. म्हणजे सुकट भाजली. सुकट भाजल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. बारशाच्या घरात पुरणपोळीचं ताट वाढताना ती मोठी बाई सासूला विचारत होती, "लेक, सून, मुलगा कुठंत? आमचं चूलबंद होतं ना?" आणि नेमका तेव्हाच आमच्या घरातून धूर आणि पाठोपाठ सुकटीचा वास त्यांच्या पंगतीवर गेला. ज्या घराला चूल पेटवू नका म्हणून मानानं सांगितलं, त्या घरानं चूल पेटवली, आणि वर सुकट.

सासू अर्ध्या ताटावरून उठून आली. तिनं आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "चूलबंद म्हंजे घरातल्या कुणी चूल पेटवायची नाय. सगळ्यांनी तिथंच जेवायचं. एवढं कळत नाय नि दहावी करायला निघालीस. गल्लीत मान खाली घालायला लावलीस मला. आजपासनं ते पुस्तक बंद." पुस्तक तिनं उचललं आणि साच्यांच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं. मला रडू आलं ते पुस्तकासाठी नव्हे, खुर्चीसाठी.

संध्याकाळी मी त्या घरी जाऊन पाया पडले, बाळाच्या हातात झबलं दिलं. त्या बाईचा राग बारशाच्या पेढ्यापेक्षा लवकर विरघळला. पण आमच्या घरातला विरघळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी वन्सं मध्ये पडल्या. जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "आई, हिनं काल जे केलं ना, तेच ही वहीत रोज करते. बाहेरचं आमंत्रण घरातल्या सगळ्यांना असतं, ही पहिल्यालाच देते. बाकीचे घरात सुकट खात बसतात." मग माझ्याकडे वळून, "तीन कंसात अ अधिक चार. बोल वैनी. तीन हे आमंत्रण. घरटी एक की चूलबंद?"

मी म्हटलं, "चूलबंद." आणि त्याच क्षणी माझ्या खोबऱ्यात उजेड पडला. तीन अ अधिक बारा. बिचारा चार इतकी वर्षं माझ्या वहीत उपाशी बसला होता.

सासूनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हंजे हे शिकली तर परत असं करणार नाय?" वन्सं म्हणाल्या, "नाय." सासू उठली, फळीवरचं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "मग शीक. पण सुकट भाजायची नाय."

पुस्तक मिळालं, वेळ मात्र मिळाला नाही. सीझन अंगावर आला. पहाटे पाणी, भाकऱ्या, मग अंगणवाडीची पोरं, दुपारी मूर्ती, संध्याकाळी पुन्हा चूल. गिऱ्हाइकं दारात, नवरा रंगात, वन्सं पॅकिंगच्या पेंढ्यात. मी भाकरी थापता थापता परातीच्या पिठात आकडे काढायची आणि ते थापून टाकायची. भूमितीचा एक अख्खा भाग मी उघडलाच नाही. नाही म्हणायला, पेण सोडून शेवटची मूर्ती गेली त्या दिवशी उघडला, आणि तसाच मिटला.

परीक्षेचं केंद्र रोह्याला होतं. आदल्या दिवशी एसटीनं जाऊन मामाकडे राहिले. सकाळी मामा पुलापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "पेपरात गावाचं नाव लिहायचं असलं तर अष्टमी आधी लिही." पेपर हातात आला. एका प्रश्नात गुणधर्म ओळखायला सांगितले होते. पहिला बघितला, दोघं उठले होते, क्रमनिरपेक्षता. दुसऱ्यात कुणी उठलं नव्हतं, सासू वळली होती, साहचर्य. मी स्वतःशी पुटपुटत होते म्हणून पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले. तिसरा होता, पाच कंसात अ अधिक ब बरोबर पाच अ अधिक पाच ब. आणि माझ्या डोक्यातला शब्दच गेला. बारसं आठवलं, सुकट आठवली, सासूचं नवं लुगडं आठवलं, पण पुस्तकातला शब्द काही केल्या आठवेना. जागा कोरी सोडवेना. मी लिहिलं, "चूलबंद गुणधर्म". म्हटलं, पुढचं सोडवू, तोवर आठवेल, मग खोडू. पुढचं सोडवता सोडवता घंटा झाली.

बाहेर आले तर शाळेच्या समोरच्या दुकानावर पाटी, "दूध वितरण केंद्र". सकाळी मी तिच्याखालीच उभी राहून देवाचं नाव घेतलं होतं. मी तिथं रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला. दूधवाल्याला वाटलं, दूध संपल्याचं दुःख झालं.

घरी येऊन वन्संना सांगितलं तर त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "पेपर तपासणारा आपल्या भागातला निघू दे म्हणून नवस बोल." पण नवस बोलायला घरात गणपती होता कुठं? सगळ्या पडवीत माझा तो उंदीर तेवढा होता. मी त्यालाही हात जोडले. लाज कसली त्यात, मला पास व्हायचं होतं.

निकालाला मी एकटी रोह्याला गेले. कागद हातात घेतला आणि "उत्तीर्ण" हा शब्द आधी शोधला, मग आकडा बघितला. शेकडा पस्तीस. म्हणजे काठावर, एक पाय पाण्यात. त्या चूलबंदला तपासणाऱ्यानं गुण दिला की कापला, हे मला कधीच कळलं नाही. दिला असेल तर तो माणूस कुणाच्या तरी पंगतीला पोटभर जेवलेला असणार.

पेणला पोचले तेव्हा नवरा आणि वन्सं मातीचं बघायला बाहेर गेले होते. सासू पडवीत साचे पुसत बसली होती. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "पास झाले." तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "किती पडले?"

"शेकडा पस्तीस."

शेकडा तिला माहीत होता. मूर्ती ती शेकड्यानंच मोजायची. "शंभरातले पस्तीसच धड निघाले?" ती म्हणाली. "आपल्या मूर्ती अशा तडकल्या असत्या तर कारखाना बंद करावा लागला असता. पासष्ट कुठं गेले गो?"

एरवी मी हसले असते. माझ्या अकलेवर मी काहीतरी बोलले असते, ती पण हसली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. लग्न होऊन आल्यापासून मी तेच करत आले होते. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

"ते इथं गेले, आई," मी म्हटलं. "ह्या घरात."

सासू साचा पुसत राहिली. तो पुसून झाला होता, तरी पुसत राहिली. मग तिनं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"दाखला कधी द्यायचा हाय तुझ्या त्या बाईला?"

"उद्या सकाळी."

"मग सकाळच्या भाकऱ्या मी थापन," ती म्हणाली. "नि परवाच्या पण. तू जा."

मी आत जाऊन तोंड धुतलं, कारण रडताना मी फार वाईट दिसते.